‘दाहक’: ज्वाळेविना भाजणारा शब्द

श्रोतेहो, नमस्कार. ‘दाहक’ हा शब्द ‘दह्’ म्हणजे जाळणे, या संस्कृत धातूवरून आला. गंमत अशी, की दाहक पदार्थात ज्वाळा औषधालाही सापडत नाही.

कॉस्टिक सोडाच घ्या. पाठ्यपुस्तकात तो ‘दाहक सोडा’. त्याचं द्रावण बोटांना लागलं की आधी जाणवतो तो बुळबुळीतपणा, साबण लागल्यासारखा. तो खरोखरच साबण असतो! त्वचेतल्या स्निग्धांशाचा सोड्याने केलेला. आग बऱ्याचदा मागाहून होते, तोवर सोडा आत उतरलेला असतो. तीव्र आम्लाची तऱ्हा निराळी. ते पडताक्षणी झोंबतं, पण त्याने त्वचेतली प्रथिनं गोठतात आणि तो थरच आम्लाला पुष्कळसा अडवतो. सोड्यासारखा क्षार ऊती विरघळवत खोल जातो. डोळ्यांना त्याचं भय जास्त, ते यामुळेच.

द्रावण करताना हातमोजे आणि चष्मा हवाच. एक लिटर थंड पाण्यात ४० ग्रॅम सोडा चिमूट-चिमूट टाकून ढवळावा. सोड्यावर पाणी मात्र ओतू नये. उष्णतेने ते उकळून तोंडावर उसळतं. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको: सोडा ते खातो, वर हायड्रोजन सुटतो. काचेचं बूचही नको, ते कायमचं चिकटून बसतं. अंगावर सांडलाच, तर कपडे उतरवून वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं, मग डॉक्टर. क्षारावर उतारा म्हणून वर लिंबू पिळायचा मोह आवरा.

आता भाषेकडे. ‘संक्षारक’ हा नेमका पारिभाषिक शब्द प्रयोगशाळेतच राहिला. ‘संक्षारक टीका’ कुणी म्हणत नाही. ‘तीक्ष्ण’ मात्र दोन्हीकडे चालतो. सुश्रुतसंहितेत क्षाराच्या मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण अशा प्रती आहेत, आणि आपली नजरही तीक्ष्णच असते. ‘दाहक’ तर वास्तवाला लागतो, अनुभवाला लागतो, हल्ली कुठल्याही चढ्या आवाजातल्या भाषणालाही लागतो. हे शेवटचं मला पटत नाही. ऐकताक्षणी माणूस उसळला, तर ते बोलणं झोंबरं किंवा जळजळीत म्हणावं. दाहक वाक्य ऐकताना गुळगुळीत वाटतं, माणूस हसून मानही डोलावतो. आणि रात्री दिवा मालवल्यावर त्याला कळतं, ते आपल्यालाच उद्देशून होतं.