बुड, बुड एकदाची!

श्रोतेहो, नमस्कार.

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’ या १९६० सालच्या चित्रपटात एक गाडी दलदलीत ढकलली जाते. डिकीत एका तरुणीचं प्रेत आहे. तिच्याबरोबर आपण जवळजवळ पाऊण तास घालवलेला आहे, तिची धडधड आपली मानलेली आहे. काठावर, ती जिथे उतरली होती त्या मोटेलचा मालक नॉर्मन उभा आहे, तोंडात काहीतरी चघळत. खून आपल्या आईनं केलाय असं तो मानतो आणि आपणही तेच धरून चाललेलो असतो. गाडी बुडायला लागते. आणि मध्येच थांबते! अर्धी वर, अर्धी चिखलात. नॉर्मन बावरून इकडेतिकडे बघतो. त्या दोन क्षणांत प्रेक्षकही श्वास रोखतो आणि मनात म्हणतो, अरे बुड, बुड एकदाची.

आता हे काय झालं? आत्ताच जिच्यासाठी हळहळलो, तिचंच प्रेत दडवलं जावं म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलो?

त्याआधीची काही मिनिटं आठवा. नॉर्मन न्हाणीघर पुसतो, रक्त धुतो, सामान गोळा करतो, पुन्हा एकदा खोलीवर नजर फिरवतो. संवाद नाही, नुसतं काम. माझ्या मते खरी मेख इथे आहे. कुणी मन लावून एखादं काम करताना आपण जवळून पाहिलं, की ते तडीस जावं असं वाटायला लागतं. काम कसलं आहे, हा प्रश्न मागाहून येतो.

बाजू घ्यायची ही खोड इतकी मुरलेली आहे की माणूससुद्धा लागत नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एका छोट्याशा चित्रफितीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक लहान वर्तुळ आणि दार उघडणारा एक चौकोन. बस. आकृत्या इकडून तिकडे सरकतात. एका गटातल्या ३४ विद्यार्थिनींना विचारलं, काय दिसलं ते लिहा. जवळजवळ निव्वळ भूमितीच्या भाषेत लिहिणारी निघाली एकच! बाकीच्यांना हालचालीमागे जिवंत पात्रं दिसली. मोठा त्रिकोण दांडगट ठरला, लहान त्रिकोण शूर आणि वर्तुळ बिचारं घाबरट. काळ्या आकृत्यांतून खलनायक घडतो, तर हाडामांसाच्या नटाचं काय सांगावं.

‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका २००८ ते २०१३ या काळात गाजली. कर्करोग झालेला रसायनशास्त्राचा शिक्षक अमली पदार्थ बनवू लागतो, पुढे माणसं मारतो. प्रेक्षकांचा राग मात्र कुणावर? त्याला जाब विचारणाऱ्या बायकोवर, स्कायलरवर. तो राग इतका विकोपाला गेला की ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. बाई खमकी असली की ती अनेकांच्या डोळ्यांत खुपते, हा त्यांचा मुद्दा खराच आहे. पण त्या रागाला गोष्टीच्या मांडणीचीही साथ मिळाली. नवऱ्याची भीती, अपमान, नाइलाज आपण पहिल्या भागापासून आतून पाहतो. ती बहुतेक वेळा दिसते ती त्याच्या वाटेत आडवी आलेली. एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं, की स्वतःच्या वागण्याचं कारण आपण परिस्थितीत शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याचं त्याच्या स्वभावात. मालिकेचा नायक आपल्या मनात मुक्कामाला आला की तो ‘दुसरा’ राहत नाही. त्याला परिस्थितीची सूट मिळते, बायकोच्या वाट्याला स्वभाव येतो.

म्हणून ‘हल्लीच्या प्रेक्षकांना गुन्हेगारच आवडतात, नीती बुडाली’ ही ओरड मला पटत नाही. नीती शाबूत असते. फक्त तिची खुर्ची कुठे मांडायची ते कॅमेरा ठरवतो.

आणि हे करमणुकीपुरतं नाही बरं का. डॅनियल लॅसिटर या संशोधकानं पोलीस चौकशीतल्या कबुलीजबाबांवर अनेक वर्षं काम केलं. जबाब एकच, चित्रीकरण वेगवेगळ्या कोनांतून. कॅमेरा फक्त संशयितावर रोखलेला असला, की बघणाऱ्यांना वाटायचं, हा आपखुशीनं बोलतोय. प्रश्न विचारणारा अधिकारीही तितकाच दिसू लागला, की दबावाची शंका यायची. अनुभवी न्यायाधीश आणि पोलीसही यातून सुटले नाहीत. न्यूझीलंडमध्ये अशी चौकशी चित्रित करताना दोघंही बाजूनं सारखे दिसतील असा कॅमेरा लावायची पद्धत आहे.

मालिकांना मात्र हा नियम कुणी लावू नये. रात्री बघायला काही उरायचंच नाही.