माणूस खरा, पण तिकीट कोण देणार?

नमस्कार श्रोतेहो.

निवडणुकीची चाहूल लागली की कोल्हापूरच्या बिंदू चौकापासून गारगोटीच्या एस.टी. स्टँडपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं. "माणूस खरा आहे हो, पण त्याला तिकीट कोण देणार?" म्हणणारा हळहळतो, ऐकणारा मान हलवतो, आणि चहाचे पैसे देऊन दोघं आपापल्या वाटेला लागतात. कुणालाच त्यात काही खटकत नाही. आज त्या खटकण्याबद्दल बोलू.

पक्षाच्या कार्यालयात विचारलंत तर उत्तर तयार असतं. "इलेक्टिव्ह मेरिट नाही." निवडून येणार नाही, मग तिकीट देऊन काय करायचं? ऐकायला बिनतोड वाटतं. पण जरा थांबून बघा. पक्षानं चिन्ह दिलं, झेंडे दिले, नेत्याची सभा दिली, तर तोच माणूस निवडून येण्याजोगा होतो. ते काहीच दिलं नाही तर पडतो, आणि पडल्यावर "बघा, आम्ही म्हणत होतो" असं सांगायला पक्ष मोकळा. माझं मत असं झालंय की स्पष्टवक्त्याला तिकीट नाकारताना तो पडेल ही भीती फार थोडी असते. तो निवडून आला तर आपल्या बाकीच्या लोकांचं काय होईल, ही भीती जास्त असते. फक्त ती माईकवर बोलता येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं घेऊ. पहिलं 2022 च्या मे महिन्यातलं. राज्यसभेच्या महाराष्ट्रातल्या सहा जागा भरायच्या होत्या आणि सहाव्या जागेचं गणित कुणाकडेच पुरं होत नव्हतं. संभाजीराजे छत्रपती तेव्हा राष्ट्रपतिनियुक्त खासदार म्हणून सहा वर्षं पूर्ण करून बाहेर पडले होते. त्यांनी जाहीर केलं, मी अपक्ष उभा राहतो, सगळ्या पक्षांनी पाठिंबा द्या. शिवसेनेकडून निरोप आला, आधी पक्षात या, शिवबंधन बांधा. राजेंनी ते मानलं नाही. शिवसेनेनं आपले जिल्हाप्रमुख संजय पवार यांना उमेदवारी दिली, राजेंनी माघार घेतली, आणि जूनमध्ये मतमोजणी झाली तेव्हा ती जागा भाजपच्या धनंजय महाडिकांनी जिंकली. मागणारे कोल्हापूरचे, मिळालेले कोल्हापूरचे, निवडून आलेलेही कोल्हापूरचेच!

दुसरं उदाहरण 2024 च्या लोकसभेचं, हातकणंगल्यातलं. शेतकरी संघटनेचे नेते राजू शेट्टी यांनी महाविकास आघाडीकडे मागितलं ते एवढंच, की तुम्ही उमेदवार देऊ नका, बाहेरून पाठिंबा द्या. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेनं मशाल चिन्हावर लढायला सांगितलं. शेट्टींनी नकार दिला. मग सत्यजित पाटील सरूडकर मैदानात आले. निकालात धैर्यशील माने सुमारे 13 हजार मतांनी निवडून आले, सरूडकर दुसरे, आणि शेट्टी तिसरे. शेट्टींची मतं होती 1 लाख 75 हजारांहून जास्त. बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा, मी करत नाही. कारण शेट्टी मशाल घेऊन उभे राहिले असते तर ती सगळी मतं त्यांच्याबरोबर राहिली असती का, हे छातीठोक सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

दोन्ही वेळी अट एकच दिसते. बोला काय बोलायचं ते, पण आमच्या चिन्हाखाली उभं राहून बोला. यात पक्षाचा निव्वळ अहंकार असतो असं नाही. निवडणूक आयोगाची मान्यता पक्षाला त्याच्या स्वतःच्या चिन्हावर पडलेल्या मतांवर आणि निवडून आलेल्या जागांवर मिळते. बाहेरून पाठिंबा दिलेल्या माणसाची मतं त्या खात्यात जमा होत नाहीत. शिवाय 1985 चा पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्याला सभागृहात पक्षादेश पाळावा लागतो. अपक्षाला पक्षादेश कोण काढणार? त्यानं निवडून आल्यावर एखाद्या पक्षात जायचं नाही, एवढंच त्याच्यावर बंधन. म्हणजे पक्ष घाम गाळणार, आणि ऐन मतदानाच्या दिवशी माणूस स्वतःच्या मनाला विचारून बटण दाबणार. पक्षाच्या जागी बसून पाहिलं तर हा व्यवहार कुणालाही आतबट्ट्याचाच वाटेल.

आता कोल्हापूरची खास गोष्ट. आपल्याकडे पक्ष वर दिसतो, खाली गट असतो. कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, बाजार समिती, गावातली सेवा सोसायटी. विधानसभेला एकमेकांविरुद्ध शड्डू ठोकणारे नेते जिल्हा बँकेच्या निवडणुकीत एकाच पॅनेलच्या पत्रकावर शेजारीशेजारी हसताना आपण पाहिलेत. आणि याच्या उलटही पाहिलंय. 2019 च्या लोकसभेला आघाडीचे उमेदवार तेव्हा राष्ट्रवादीत असलेले धनंजय महाडिक होते, पण काँग्रेसच्या सतेज पाटलांच्या गटानं "आमचं ठरलंय" म्हणत त्यांच्याविरोधात काम केलं, आणि शिवसेनेचे संजय मंडलिक खासदार झाले. दोन शब्दांत अख्ख्या जिल्ह्याला कळलं की आघाडी मुंबईत ठरते, मतं गल्लीत ठरतात.

अशा ठिकाणी स्पष्टवक्ता बोलतो कशावर? तो काश्मीर प्रश्नावर बोलत नाही. तो म्हणतो, उसाचं वजन बाहेरच्या काट्यावर करू द्या. तो म्हणतो, एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, एकरकमी द्या. दुधाचं फॅट कोण तपासतं ते दाखवा म्हणतो. बँकेत आणि कारखान्यात नोकरभरती झाली त्यात कुणाची पोरं लागली ते विचारतो. यातला प्रत्येक प्रश्न कुठल्या एका पक्षाला लागत नाही, तो सगळ्या पक्षांतल्या कुणा ना कुणाला लागतो. मग तो डाव्या दारानं गेला काय आणि उजव्या दारानं गेला काय, आत बसलेल्यांपैकी कुणाचा तरी कारखाना असतो, कुणाचा तरी मेहुणा संचालक असतो. मुंबईतल्या नेत्याला त्या माणसाचं बोलणं आवडतही असेल. पण तो फोन करून तालुक्यातल्या प्रमुखाला विचारतो, "काय, चालेल का?" आणि तिकडून उत्तर येतं, "साहेब, माणूस चांगला आहे, पण आपली माणसं काम करणार नाहीत." झालं. एवढ्या एका वाक्यावर किती जणांची उमेदवारी गेली असेल!

कागदाचा भाग थोडक्यात सांगतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. विधानसभेची अनामत 10 हजार, लोकसभेची 25 हजार, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त. हे फार अवघड नाही. अवघड आहे तो एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षानं लिहून दिलेला कागद. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात पडावा लागतो, आणि तो कुणाला द्यायचा याबद्दल देशात कुठलाही कायदा नाही. पक्षाच्या मर्जीची गोष्ट. यादी शेवटच्या रात्रीपर्यंत लांबवतात, त्याचं कारणही सगळ्यांना ठाऊक आहे. नाराज झालेल्याला बंडाची तयारी करायला वेळ मिळू नये. खर्चाचंही तसंच. विधानसभेला उमेदवारानं 40 लाखांच्या आत राहायचं, पक्षानं स्वतःच्या प्रचारावर किती उधळावे याला मर्यादाच नाही.

2020 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं एक आदेश दिला. गुन्हे दाखल असलेल्या माणसाला तिकीट दिलं तर पक्षानं कारण प्रसिद्ध करायचं, आणि नुसती निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. आदेश चांगलाच आहे. पण गंमत बघा, गुन्हे असलेल्याला तिकीट का दिलं हे आता लिहून द्यावं लागतं. बोलणाऱ्याला का दिलं नाही, हे कुणी कुणाला विचारत नाही.

"मग मंडलिकसाहेबांचं काय?" असं कागलकडचे श्रोते आता म्हणतच असतील. बरोबर आहे. 2009 ला राष्ट्रवादीनं सदाशिवराव मंडलिकांना तिकीट नाकारलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, जिभेला लगाम नाही, थेट शरद पवारांना अंगावर घेतलेलं. अपक्ष उभे राहिले आणि राष्ट्रवादीचे उमेदवार संभाजीराजे यांना हरवून लोकसभेत गेले. त्याच निवडणुकीत शेजारच्या हातकणंगल्यात राजू शेट्टींनी राष्ट्रवादीच्या निवेदिता माने यांना हरवलं. जिल्ह्यातल्या दोन्ही जागा राष्ट्रवादीच्या हातातून एकाच वेळी गेल्या. ते दिवस आठवले की अजून पेठांतली मंडळी खुर्ची पुढे ओढून बसतात.

पण दोघांच्या पाठीशी काय होतं ते बघा. मंडलिकांकडे हमीदवाड्याचा कारखाना होता, कागल तालुक्यात गावोगावी बांधलेला गट होता, आणि आधीच्या तीन लोकसभा निवडणुका जिंकलेल्या होत्या. त्यांना पक्षानं काढलं तरी त्यांचं घर त्यांच्याबरोबर चालत आलं. शेट्टींकडे कारखाना नव्हता, पण जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला मोजता येणार नाही इतकी माणसं बसत होती आणि "एक नोट, एक मत" म्हणत शेतकरीच निवडणुकीचा खर्च उचलत होते. दोघंही पक्षाला पर्याय ठरेल असं काहीतरी स्वतः उभं करून आले होते. नुसत्या स्पष्ट बोलण्यावर कुणी निवडून आलं असं मला तरी आठवत नाही. आणि शेट्टींनाही पुढे 2019 आणि 2024 ला ते पुरलं नाही.

इथं थोडं कटू बोलतो. स्पष्टवक्त्यांचाही दोष असतो. एका विधानसभा मतदारसंघात 300 च्या आसपास मतदान केंद्रं असतात. प्रत्येक केंद्रावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणारा आपला माणूस लागतो. ही माणसं भाषणानं तयार होत नाहीत, लग्नाला, मयतीला, दवाखान्यात जाऊन तयार होतात. आमचा खरा माणूस पत्रकार परिषद आधी घेतो आणि तालुकाध्यक्षाला नंतर भेटतो. "तुम्ही सगळे विकले गेलात" असं ज्यांना म्हणायचं, त्यांच्याकडेच दुसऱ्या दिवशी पाठिंबा मागायला जायचं. वीस वर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता मग विचारतो, हा काल आला, आणि तिकीट याला? त्याचा प्रश्न खोटा आहे का?

आणि त्या सतरंजी उचलणाऱ्याला तरी कुठे सहज मिळतं! 2024 च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसनं माजी नगरसेवक राजेश लाटकर यांचं नाव जाहीर केलं. पक्षातूनच विरोध झाला, नाव बदललं, उमेदवारी मधुरिमाराजे छत्रपतींना दिली. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या घटकेला त्यांनी माघार घेतली. लाटकरांचा अपक्ष अर्ज होता, म्हणून काँग्रेसला त्यांनाच पाठिंबा द्यावा लागला, तोही प्रेशर कुकर या चिन्हावर. हाताचं चिन्ह यंत्रावर नव्हतंच. लाटकर हरले, राजेश क्षीरसागर निवडून आले.

आपण मतदारही काही वेगळे वागतो असं नाही. टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे हे शहर रस्त्यावर उतरलं होतं. टोल घालवला. पण मतदानाच्या दिवशी तीच माणसं हिशोब करतात, मत वाया जायला नको. पक्ष करतो तोच हिशोब, फक्त लहान आकड्यांचा.

परदेशातही हेच चालतं. अमेरिकेत माइक ग्रॅव्हेल नावाचे सिनेटर होते. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं त्यांनी 1971 ला संसदेच्या नोंदीत वाचून घातली. 2008 च्या अध्यक्षपदासाठी ते उभे राहिले तेव्हा सुरुवातीच्या वादचर्चांत त्यांनी स्वपक्षीयांना सळो की पळो केलं, आणि मग निधी पुरेसा जमला नाही म्हणून त्यांना चर्चांतून वगळलं गेलं. ब्रिटनमध्ये मात्र 2015 ला एक दार चुकून उघडं राहिलं. मजूर पक्षाच्या नेतेपदासाठी 35 खासदारांच्या सह्या लागत. जेरेमी कॉर्बिन यांना मुदत संपता संपता 36 मिळाल्या, त्यातल्या काही तर "चर्चेत एक वेगळा आवाज असू दे" म्हणून मिळालेल्या उसन्या सह्या होत्या. पुढचं मतदान सभासदांच्या हातात होतं. त्यांनी कॉर्बिनना 59 टक्क्यांहून जास्त मतं दिली. पुढे पक्षानं ही सह्यांची अट वाढवली, हे सांगायलाच हवं.

आपल्याकडे असं काही करून पाहिलं का? पाहिलं. 2014 ला काँग्रेसनं काही लोकसभा मतदारसंघांत उमेदवार पक्षांतर्गत मतदानानं निवडला. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा होते. वर्ध्यात पदाधिकाऱ्यांनी मतदान करून ज्यांना निवडलं ते सागर मेघे, त्या वेळचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. मतपेटी आली, पण मतदारयादीत नावं कुणी भरायची हे आधीसारखंच राहिलं होतं. सागर मेघे निवडणूक हरले, आणि काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं.

नमस्कार.