न निवडलेली सोबत

श्रोतेहो, नमस्कार.

मी पुण्याची. मे 2018 ते नोव्हेंबर 2019 असे 18 महिने मी हैदराबाद आणि सिकंदराबाद येथे मिशनरी म्हणून सेवा केली. आमच्या चर्चला लोक मॉर्मन चर्च म्हणून ओळखतात, परंतु त्याचे पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. 1830 साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी त्याची स्थापना केली. मुलगे या सेवेसाठी दोन वर्षे देतात, मुली दीड वर्ष. सेवेला पगार नसतो, आणि कोणत्या गावी जायचे हेही आपण ठरवत नाही.

आपण न ठरवलेली आणखी एक गोष्ट असते, आणि आज मला तिच्याविषयीच बोलायचे आहे. ती म्हणजे सोबत. आमच्या भाषेत तिला 'कम्पॅनियन' म्हणतात. येशूने आपल्या शिष्यांना दोघादोघांनी पाठवले, असे मार्कच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, आणि तीच रीत आजही पाळली जाते. झोपेतून उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत दोघींनी एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात राहायचे असते. माझ्या पुण्याशी या रीतीचा एक जुना धागा आहे. ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश मिशनरी 1852 साली मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यातही त्यांनी काम केले; मागाहून त्यांचे बंधू अ‍ॅलन त्यांना येऊन मिळाले. परक्या मुलखात आपले माणूस येऊन पोहोचल्यावर त्यांना काय वाटले असेल, याचा विचार मी सिकंदराबादच्या खोलीत अनेकदा केला आहे.

माझी सोबतीण राजमहेंद्रीची होती. तिला मराठी येत नव्हते आणि माझे तेलुगू शाळकरी मुलापेक्षाही कच्चे होते, म्हणून आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत संसार मांडला. सकाळी साडेसहाला उठणे, थोडा व्यायाम, इडली किंवा पोहे, मग एक तास स्वतःचा धर्मग्रंथाचा अभ्यास आणि त्यानंतर दोघींचा मिळून अभ्यास, असा क्रम असे. त्यानंतर दिवसभर भेटीगाठी, आणि रात्री साडेदहाला अंथरूण. छातीवर चर्चचे आणि आडनावाचे नाव असलेली काळी पाटी असे, आणि एकमेकींना आम्ही 'सिस्टर' म्हणूनच हाक मारत असू.

हैदराबादेत घरोघरी चहा पुढे येतो, आणि आम्ही चहा घेत नाही. पाहुणचार नाकारणे मला फार जड जाई. आमच्याकडे आलेल्या माणसाने चहाला नाही म्हटले की आई दिवसभर हळहळत असे, हे मी लहानपणापासून पाहिले होते. सोबतिणीने पहिल्याच आठवड्यात मला वाट दाखवली. घरात पाऊल टाकताच ती स्वतःहून 'मज्जिगा' मागत असे, म्हणजे ताक. मागून घेतले की यजमानीण खूश होते आणि नकाराचा प्रसंग येतच नाही, एवढे साधे शहाणपण मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नव्हते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोन वेळचे अन्न आणि पाणी सोडत असू, आणि त्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी दान करत असू. मला माझ्या आजीची निर्जळी एकादशी आठवे. सोबतिणीला मात्र उपवासात डोकेदुखी होई, म्हणून त्या दुपारी ती पडून राही आणि मी तिच्या शेजारी बसून वाचत असे. ती पूर्ण शांत दुपार अजूनही माझ्या मनात आहे.

आमचे सगळे गोडच होते असे मुळीच नाही. आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी दोघींनी समोरासमोर बसून एकमेकींचे काय आवडले आणि काय खुपले ते सांगायचे असते. एकदा ती म्हणाली की, मी रात्री भांडी घासताना आदळते आणि त्यामुळे मी तिच्यावर रागावले आहे असे वाटून तिला झोप लागत नाही. मी थक्क झाले. आमच्या घरी भांडी अशीच वाजत. मग मीही धीर करून सांगितले की, तेलुगू घरात मी अडखळले की ती लगेच माझे वाक्य पूर्ण करते आणि म्हणून मी शिकतच नाही. त्या दिवसापासून भांडी हळू वाजू लागली आणि ती थांबू लागली. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी मी तेलुगूत प्रार्थना सुरू केली, मध्येच शब्द अडला, खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरला, आणि माझी सोबतीण डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून थांबली. शब्द सापडायला मला फार वेळ लागला, पण तो सापडला. माझ्यासाठी एवढे कष्टाने गप्प राहणारे माणूस मला आयुष्यात दुसरे भेटलेले नाही.

सोमवार आमचा कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा आणि घरी पत्रे लिहिण्याचा दिवस होता. घरी फोन मात्र वर्षातून दोनदाच, नाताळात आणि मातृदिनी, करता येई. फेब्रुवारी 2019 मध्ये चर्चने हा नियम बदलला आणि दर आठवड्याला घरी बोलण्याची मुभा मिळाली. त्या पहिल्या सोमवारी आईने फोन उचलताच विचारले, "जेवलीस का?" सोबतीण शेजारीच बसली होती. हा एकच प्रश्न दर सोमवारी ऐकून तिने त्याचा अर्थ विचारला, आणि तिची आईही 'तिन्नावा?' असेच विचारते हे सांगून ती खूप हसली.

काही सोमवार गेल्यावर तिची बदली ठरली. आमच्या शेवटच्या सोमवारी, मी फोन ठेवणार इतक्यात ती पुढे वाकली आणि सावकाश म्हणाली, "आई, तुम्ही जेवलात का?" पलीकडे आई क्षणभर गप्प झाली. मग तिने आमटीपासून भातापर्यंत, सकाळच्या भाकरीसकट, त्या दिवशीचे सगळे जेवण मराठीत सांगितले, आणि एकही शब्द न कळता माझी सोबतीण ते शेवटपर्यंत ऐकत राहिली.