कुड्याची साल

(दृश्य: डोंगरउतारावर पांढऱ्या फुलांनी भरलेलं झाड)

मृग तोंडावर आला की सह्याद्रीच्या उतारांवर कुडा फुललेला दिसतो. मेघदूतातल्या यक्षाने ढगाला अर्घ्य दिलं, ते याच ताज्या फुलांचं. संस्कृतात हा कुटज. पण मुरडा आला, आव पडू लागली, की जाणत्या माणसाला फुलं नाही, साल आठवते.

(दृश्य: सालीचा तुकडा, अगदी जवळून)

बाहेरून करडी-तपकिरी आणि खरखरीत. जिभेला जरा लावली, तरी तोंड कडूजहर होतं. ही साल उकळून काढा करतात. तिच्यापासून कुटजारिष्ट हे आंबवलेलं औषध होतं, कुटजघनवटी या गोळ्याही होतात. पण सगळ्यात देखणी कृती पुटपाकाची. ताजी साल तांदळाच्या धुवणात वाटायची. तो गोळा जांभळीच्या पानांत गुंडाळून दोऱ्याने बांधायचा. वरून कणकेचा थर, त्यावर चिखलाचा जाड लेप. मग गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवायचा. माती निखाऱ्यासारखी लाल झाली की बाहेर काढून फोडायचा, आतला लगदा पिळायचा आणि गार झालेला रस मधातून द्यायचा. साल तिच्याच ओलाव्यात शिजते, रस जळत नाही. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याला मनापासून नमस्कार!

१८५८ साली मुंबईत हेन्स नावाच्या संशोधकाने या सालीतून एक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं एक नत्रयुक्त रसायन, वेगळं केलं. तेच कोनेसीन. आमांशाच्या अमिबावर ते काम करतं, हे पुढे दिसून आलं.

(दृश्य: दोन झाडांच्या शेंगा शेजारी शेजारी)

साल युरोपातही गेली होती, कोनेसी साल म्हणून. तिथे तिचं नाव खराब झालं, कारण तिच्यात काळा कुडा या दुसऱ्याच झाडाची साल मिसळली जायची. चीक दोघांनाही पांढराच, म्हणून माणूस फसतो. पाहायच्या त्या शेंगा. दोन्हीकडे त्या जोडीनेच लोंबतात. पांढऱ्या, म्हणजे आपल्या औषधी कुड्याच्या शेंगांची टोकं सुटी असतात, काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची एकमेकींना चिकटलेली. बीही चाखून कळतं: औषधी कुड्याचे इंद्रजव, म्हणजे बिया, कडू, काळ्याचे गोडे.

रक्त पडत असेल, ताप असेल किंवा रोगी लहान मूल असेल, तर काढ्यावर विसंबून घरी थांबू नये. जुलाबात अंगातलं पाणी जातं आणि तेच जिवावर बेततं. मीठ-साखरेचं पाणी पाजत दवाखाना गाठावा.

(दृश्य: खोडाभोवती गोल सोललेली साल, वरची पानं सुकलेली)

हे पाहवत नाही. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. खोडाभोवती पूर्ण कडं सोललं की मुळं उपाशी पडतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. साल हवी असेल तर एखादी फांदी तोडून तिची काढावी, खोडाला हात लावू नये. कुडा चिवट आहे. छाटला तरी बुंध्याला नवे धुमारे येतात.

(दृश्य: तोडलेल्या बुंध्यावर दोन कोवळी पानं, त्यावर पावसाचा थेंब)