सुंता : कोणाला लागते, कोणाला नाही

(दृश्य : ग्रामीण रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग, बाकावर बसलेल्या आया आणि मुले.)

“डॉक्टरसाहेब, याले लघवीच्या वेळी फुगा येते,” असे एखादी आई हळू आवाजात सांगते, तेव्हा तिच्यासोबत आलेल्या आजीने सुंतेची, म्हणजे शिश्नाची पुढची कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेची, धास्ती आधीच घेतलेली असते. विदर्भातील गावांमध्ये या विषयावर मोकळेपणाने बोलले जात नाही आणि त्या अबोलपणामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. ज्या मुलाला काहीच करण्याची गरज नाही त्याच्या कातडीशी खटपट केली जाते, तर ज्या प्रौढाला खरोखर उपचार हवे असतात तो वर्षानुवर्षे मेडिकलमधून मलमाच्या ट्यूब आणत राहतो.

जन्मतः जवळजवळ प्रत्येक मुलाच्या शिश्नाची पुढची कातडी आतील बोंडाला चिकटलेली असते. ती वयानुसार आपोआप सुटते. कोणाची तिसऱ्या वर्षी, तर कोणाची वयात येताना. डेन्मार्कमधील डॉक्टर याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांची अनेक वर्षे तपासणी करून 1968 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार सहा-सात वर्षांच्या मुलांत घट्ट कातडीचे प्रमाण सुमारे 8 टक्के होते आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत ते 1 टक्क्याच्या आसपास उरले. लघवी करताना कातडी फुगत असेल, पण मूल रडत नसेल, धार नीट येत असेल आणि ताप येत नसेल, तर वाट पाहणे हाच उपचार आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. बाळाला तेल लावून न्हाऊ घालताना ती कातडी रोज थोडी थोडी मागे ओढण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती प्रेमापोटीच चालत आलेली असली तरी तिच्यामुळे कातडीला बारीक चिरा पडतात, त्या भरताना कातडी कडक होते आणि निसर्गतः सुटणारी जागा कायमची आवळली जाऊ शकते. कधी ओढलेली कातडी मागेच अडकून बोंडाला सूज येते; अशा वेळी काही तासांतच रुग्णालय गाठले पाहिजे, कारण रक्तपुरवठा बंद पडण्याचा धोका असतो. बाळाची ती जागा बाहेरून पाण्याने धुणे पुरेसे आहे.

मोठ्या मुलात कातडी घट्टच राहून त्रास होत असेल, तर डॉक्टर बहुतेकदा आधी बीटामेथासोनसारखे स्टेरॉइडचे मलम चार ते आठ आठवडे लावायला देतात आणि पुष्कळ मुलांचे काम त्यावरच भागते. टोकाशी पांढरट, कडक वण दिसू लागला, लघवीची धार बारीक झाली किंवा जंतुसंसर्ग वारंवार होऊ लागला, तर मात्र सुंता करणे योग्य ठरते.

(दृश्य : गावातील मशीद, शेजारची गल्ली, खेळणारी मुले.)

मुस्लिम कुटुंबांत खतना, म्हणजे हीच सुंता, हा श्रद्धेचा भाग आहे. तेथे प्रश्न तो कोठे आणि कोणाच्या हातून व्हावा, एवढाच आहे. एकाच वस्तऱ्याने अनेक मुलांचा खतना झाल्यास हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचा धोका असतो, आणि जखमेवर राख भरल्यास धनुर्वाताचा. घरचा समारंभ घरी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, ही विभागणी अनेक कुटुंबांनी स्वीकारली आहे आणि ती सर्वत्र रुजावी असे आम्हाला मनापासून वाटते. त्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना दाखवाव्यात वा सांगाव्यात. मुलाच्या लघवीचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर सुंता करायची नसते, कारण ते छिद्र दुरुस्त करताना हीच कातडी उपयोगी पडू शकते. आणि घराण्यात कोणाचे रक्त लवकर थांबत नसेल, तर त्याची तपासणी आधी व्हावी लागते.

(दृश्य : पऱ्हाटीचे शेत, फवारणीचा पंप घेतलेला शेतकरी.)

प्रौढाची गोष्ट वेगळी असते. चाळिशीनंतर कातडी अचानक आवळू लागली, खाज सुटली, चिरा पडू लागल्या, तर सर्वांत आधी रक्तातील साखर तपासावी, कारण अनेकांना मधुमेह असल्याचे याच तक्रारीतून प्रथम कळते. साखर आटोक्यात नसताना केलेल्या शस्त्रक्रियेची जखम लवकर भरत नाही. प्रौढांत ही शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते, लहान मुलांना मात्र बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. पेरणी, डवरणी किंवा सोयाबीनची सोंगणी तोंडावर असताना ती करून घेऊ नये. तातडी नसेल तर मोकळे आठवडे पाहून तारीख ठरवावी.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस घरच्यांच्या हातात असतात. पट्टी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच काढावी आणि ती चिकटली असेल तर ओढण्याऐवजी कोमट पाण्याने भिजवावी. बोंड उघडे पडल्याने कपडा लागला तरी झोंबते, म्हणून त्यावर व्हॅसलिन लावतात आणि सैल लुंगी नेसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसणारा पिवळसर थर बहुतेकदा पू नसून जखम भरत असल्याची खूण असतो; हळद, टाल्कम पावडर किंवा डेटॉल लावून तो घालवण्याचा प्रयत्न करू नये. विरघळणारे टाके दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळतात. मूल साधारण आठवडा-दहा दिवसांत शाळेत जाऊ शकते, पण सायकल आणि विहिरीत पोहणे काही आठवडे टाळावे लागते. प्रौढाला रात्री ताठरता येऊन टाके ताणल्यासारखे दुखते. झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन येणे थोडे उपयोगी पडते. ट्रॅक्टर चालवणे आणि पोती उचलणे दोन-तीन आठवडे, तर शरीरसंबंध जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे किमान चार ते सहा आठवडे थांबवावा, आणि हे पत्नीलाही आधी सांगितलेले असावे.

स्वच्छ कपड्याने दहा मिनिटे हलका दाब देऊनही रक्त थांबत नसेल, दहा-बारा तास लघवी झाली नसेल, बोंड निळसर-काळे दिसू लागले असेल किंवा तापासोबत लाली पसरत असेल, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.

प्रौढाची काढलेली कातडी, विशेषतः पांढरट, कडक किंवा गाठ असलेली, प्रयोगशाळेत तपासून घेतली जाते, कारण जुनाट घट्टपणात कर्करोगाची शक्यता पाहावी लागते. जखम भरली म्हणून पुन्हा तालुक्याला जाण्याचा कंटाळा केला जातो आणि तो अहवाल रुग्णालयातच पडून राहतो. तो आणायला जावेच लागते.