चांदोबाचा डाग

संकष्टीची रात्र आहे. नैवेद्याच्या मोदकांवर ताट झाकलेले आहे आणि गॅलरीच्या कठड्याशी उभी असलेली आजी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून चंद्र कधी वर येतो याची वाट पाहत आहे. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे वद्य चतुर्थीला त्याच्या दर्शनासाठी बहुधा नऊ-साडेनऊपर्यंत थांबावे लागते. ज्याला पाहिल्यावाचून आज उपास सुटणार नाही, त्याच चंद्राकडे भाद्रपद शुद्ध चतुर्थीला मात्र पाहायचे नसते. गणपतीची फजिती पाहून तो हसला, म्हणून त्या रात्री त्याला पाहणाऱ्यावर खोटा आळ येतो. स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ प्रत्यक्ष श्रीकृष्णालाही चुकला नाही, असे कथा सांगते.

पुराणांतला चंद्र असाच वारंवार चुकणारा आहे. दक्षाने आपल्या २७ कन्या त्याला दिल्या, पण तो एकट्या रोहिणीपाशी रमला. बाकीच्यांनी माहेरी जाऊन गाऱ्हाणे केले आणि दक्षाने त्याला क्षयाचा शाप दिला. प्रभासक्षेत्री, म्हणजे आजच्या सोमनाथला, त्याने शंकराची आराधना केली तेव्हा उःशाप मिळाला, तोही अर्धाच: एक पंधरवडा झिजायचे आणि एक पंधरवडा भरायचे. या कथेमागे आकाश बारकाईने पाहणारे डोळे आहेत. चंद्र ताऱ्यांमधून सुमारे २७.३ दिवसांत एक फेरी पुरी करतो, म्हणजे जवळजवळ रोज एका नव्या नक्षत्राच्या घरी मुक्कामाला असतो, आणि रोहिणीचा तांबूस तारा त्याच्या वाटेला इतका लागून आहे की काही वर्षी चंद्र त्याला पूर्ण झाकून टाकतो. असे दृश्य पाहिलेल्या कुणीतरी त्या दोघांची नावे जोडली असावीत, असे मला वाटते.

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानदेवांनी ‘दुरितांचे तिमिर जावो’ असे मागणे मागितले आणि संतांना ‘चंद्रमे जे अलांछन’ म्हटले. डाग नसलेला चंद्र आभाळात कुणाला दिसत नाही, तो माणसांत शोधावा लागतो. पहिल्या अध्यायात मात्र त्यांना हा आपला रोजचाच चंद्र पुरला होता: शरदातल्या चंद्रकळेतले कोवळे अमृतकण चकोराची पिल्ले हळुवार मनाने वेचतात, तशी ही कथा ऐकावी, असे ते श्रोत्यांना सांगतात.

मुलांना हा चंद्र मामा म्हणून मिळाला. लक्ष्मी आणि चंद्र दोघेही समुद्रमंथनातून वर आले. ती जगाची आई, म्हणून तिचा भाऊ सगळ्यांचा मामा. १९५२ पासून ‘चांदोबा’ हे मासिकही मराठी घरांत येऊ लागले आणि त्यातल्या, स्मशानातल्या काळोखात घडणाऱ्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी मुलांनी श्वास रोखून वाचल्या. पण त्याही आधीपासून आज्यांच्या तोंडी असलेले बडबडगीत मला फार मोलाचे वाटते, कारण शापाचा किंवा लांछनाचा विषयही न काढता ते चंद्राला एवढेच विचारते: ‘भागलास का?’ आणि मग तूप-रोटी खायला मामाच्या चिरेबंदी वाड्यात त्याला बोलावते.

ज्या डागांत आपल्या पूर्वजांना ससा किंवा हरीण दिसले आणि ज्यांवरून शशांक, मृगांक ही नावे पडली, ते डाग म्हणजे बहुतांशी तीन अब्ज वर्षांहून जुन्या, थिजलेल्या लाव्हाची मैदाने आहेत. त्या खडकाचे नाव बेसाल्ट. सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे आणि देशावरचे जुने चिरेबंदी वाडे ज्यात बांधले गेले, तोही बेसाल्टच.

गच्चीच्या कडेवर आता पिवळसर उजेड आला आहे. आजी ताम्हनात पळीने अर्घ्य सोडते, अक्षता वाहते आणि कडेवरच्या नातीला चांदोबा दाखवते. तिचा उपास आता सुटेल. गाण्यातल्या तुपात मात्र आजही माशी पडेल आणि चांदोबा उपाशीच राहील.