अर्धशिशी आणि पायात टोचलेली सुई

नमस्कार, श्रोतेहो. आज अर्धशिशीबद्दल बोलू, आणि चिनी वैद्यक तिच्यावर काय करतं, तेही पाहू.

आधी ओळख पटवायला हवी. डोक्याचं प्रत्येक दुखणं अर्धशिशी नसतं, आणि नाव काहीही असलं तरी अर्धशिशी कधीकधी दोन्ही बाजूंनी दुखते. औषध न घेतल्यास दुखणं 4 ते 72 तास टिकतं, कानशिलात ठसठसतं, जिना चढला तरी वाढतं. सोबत मळमळ असते, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. काहींना आधी डोळ्यांपुढे चमचमती नागमोडी रेघ दिसते; ती 5 मिनिटांपासून तासाभरापर्यंत राहते. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते त्याच्या आवरणात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांत, कारण चेहऱ्याची संवेदना वाहणारी मज्जातंतू तिथे पोहोचते आणि वेदना भडकवणारी द्रव्यं सोडते.

चिनी वैद्य मात्र पहिला प्रश्न विचारतो, नेमकं कुठे दुखतं? त्यावरून तो वाहिनी ठरवतो, म्हणजे त्या शास्त्राने शरीरात मानलेला शक्तीचा मार्ग: कपाळ दुखलं तर जठराची वाहिनी, मानेपासून वर चढलं तर मूत्राशयाची, टाळू दुखली तर यकृताची, आणि कानशील दुखलं तर पित्ताशयाची. ही नावं शरीरातल्या अवयवांची असली, तरी अर्थ तेवढाच घेऊ नका. ती कामांच्या गटांची नावं आहेत. पित्ताशयाची वाहिनी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी सुरू होते, कानाभोवती फिरते, कुशीवरून उतरते आणि पायाच्या चौथ्या बोटाशी संपते. कानशिलासाठी पावलात सुई का, याचं त्या शास्त्रातलं उत्तर हे.

मग जीभ आणि नाडी पाहतात. रागाने, ताणाने उसळणारं दुखणं, लालबुंद चेहरा, तारेसारखी ताणलेली नाडी असेल तर यकृताचा 'यांग', म्हणजे उष्ण, वर उसळणारी शक्ती, वर चढला म्हणतात. एकाच जागी भोसकल्यासारखं दुखून जीभ जांभळट दिसली, तर रक्त साकळलं. डोकं जड आणि जिभेवर जाड, चिकट थर असेल, तर कफ. एकाच आजारावर शेजारी बसलेल्या दोघांना वेगळा काढा मिळतो, तो यामुळे.

सुई टोचण्याच्या नेहमीच्या बिंदूंपैकी 'फेंगची' स्वतः शोधता येतो. कवटीच्या खालच्या काठाशी, मानेच्या मागच्या आणि बाजूच्या स्नायूंमधल्या खोबणीत अंगठा ठेवा. जागा बरोबर असेल तर दाबल्यावर बोथट, हवीहवीशी वेदना उमटते. दाबायला हरकत नाही. सुई मात्र स्वतः टोचू नका: तिचं टोक नाकाच्या शेंड्याच्या दिशेने, मोजक्याच खोलीवर जातं, दिशा चुकून ती खोल गेली तर पुढे मेंदूचा तळ आहे. हातावर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला 'हेगू' आणि पावलावर पहिल्या दोन हाडांमधला 'ताइचोंग', हे दोन्ही हातांवर आणि दोन्ही पावलांवर एकदम घेतले की त्याला 'चार दरवाजे' म्हणतात. गरोदरपणात हेगू परंपरेने वर्ज्य आहे. सुया साधारण 20 ते 30 मिनिटं ठेवतात. जड, ताणल्यासारखं वाटणं अपेक्षित असतं, चटका बसणं नाही.

काढ्यात फसगत होते ती उकळण्यात. 'थ्यानमा गौथंग यिन' या 11 द्रव्यांच्या काढ्यात कडक शिंपला असतो, तो आधी 20-30 मिनिटं एकटाच उकळावा लागतो, नाहीतर त्यातलं फारसं काही उतरतच नाही. उलट गौथंगच्या आकड्यासारख्या काड्या शेवटी घालतात, कारण जास्त उकळलं तर त्यातली कामाची द्रव्यं नष्ट होतात. सगळं एकदम भांड्यात ओतणाऱ्याला अर्धाच काढा मिळतो. गौथंग रक्तदाब उतरवू शकतं, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका.

सुयांनी गुण येतो का? 2016च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, 22 चाचण्या होत्या. सुया न घेतलेल्यांपैकी 17 टक्के लोकांची डोकेदुखी निम्म्याने घटली, सुया घेतलेल्यांपैकी 41 टक्क्यांची. पण खोट्या सुयांशी, म्हणजे भलत्याच जागी किंवा नुसत्या टोचल्यासारख्या केलेल्या सुयांशी, तुलना केली तेव्हा अंतर बरंच कमी झालं. म्हणजे बिंदूचं महत्त्व परंपरा मानते तेवढं नसावं, पण उपचार निरुपयोगीही नाही. आणि हा झटके कमी करण्याचा उपाय आहे. झटका चढलेला असताना त्याच्या भरवशावर गोळी टाळू नका. त्याच वेळी गोळ्यांचेही दिवस मोजा: साध्या वेदनाशामकांचे महिन्यात 15, ट्रिप्टानचे (अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या खास गोळ्यांचे) 10 दिवस झाले आणि हे महिनोन्‌महिने चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं.

क्षणात शिखर गाठणारी डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, बोलताना शब्द अडखळणं, ताप आणि ताठलेली मान, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं: इथे सुया नाहीत, थेट रुग्णालय.

बाकीच्यांनी पहिली सुई टोचण्याआधी चार आठवडे दुखण्याचे दिवस वहीत लिहावेत आणि पुढेही लिहीत राहावं. 5 ते 8 आठवड्यांत 10 बैठका झाल्यावरही आकडा हलला नाही, तर अकराव्या बैठकीचे पैसे वाचवा.